रिजेक्ट कॅरेटमधली माणसं

फेब्रुवारी लागला की आमच्या मस्कतच्या कोल्ड स्टोअरमध्ये नाशिक येतं. जहाजातून येतं, चाळीस फुटी कंटेनरमध्ये बसून. दार उघडलं की आधी थंड हवेचा लोट पायांवर येतो, मग ओलसर पुठ्ठ्याचा वास, आणि त्याच्या मागून जरा उशिरानं नाकाला झोंबणारा गंधकाच्या कागदाचा वास. द्राक्षांना बुरशी लागू नये म्हणून प्रत्येक खोक्यात तो कागद असतो. माझ्याबरोबर काम करणारा केरळचा शाजी तोंडाला रुमाल बांधतो. मी मात्र पहिल्या खोक्यावर वाकून तो वास छातीत भरून घेतो आणि मग दुपारपर्यंत खोकत बसतो. शाजी दरवर्षी मला वेडा म्हणतो. त्याच्या भाषेत म्हणतो, पण समजतं.

मग मी खोक्याच्या कडेचा छोटा कागद बघतो. माल कोणी भरला त्याचा नंबर तिथे असतो. मी अकरा शोधतो. अकरा नंबर म्हणजे शेवंतामावशी. तो सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मावशीचं वय झालंय, गुडघे धरतात, एखाद्या वर्षी ती कामावर आलीच नाही तर? अकरा दिसला की मी हळूच खोक्यावर हात फिरवतो. इथे इतक्या वर्षांत मला जे काही बरं मिळालं, जेवण, पगार, खिडकीशेजारची खाट, त्याची सुरुवात या अकरा नंबरच्या बाईनं एका सकाळी कचऱ्यातून उचललेल्या चिठ्ठीपाशी आहे. हे शाजीला सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. द्राक्षं, फासे, राजा आणि मार्कशीट एका गोष्टीत कसे बसतात हे त्याला काही पटलं नाही.

तर तो हंगाम. दोन हजार साल उलटून गेलं होतं. दिंडोरी रस्त्यावर, जिथून रामशेज किल्ला दिसतो, तिथे आमचं पॅकहाऊस होतं. मी देवळ्याकडच्या एका खेड्यातून आलेला, कांद्याच्या मुलखातला. द्राक्षाचा घड हातात धरताना सुरुवातीला मला वाटायचं, एवढं नाजूक पीक माणसं घेतात तरी कशी. माझं काम म्हणजे बागेतून आलेली मालाची प्लॅस्टिकची कॅरेटं मोजून घ्यायची, पाच-सहा मणी पिळून यंत्रावर त्यांची गोडी बघायची आणि वहीत लिहायची. बायका लांब टेबलाशी उभ्या राहून, केसांना जाळी बांधून, छोट्या कात्रीनं घडातले बारीक मणी काढायच्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेल्या रिंगा. मणी सोळा मिलिमीटरच्या रिंगेतून खाली पडला की रिजेक्ट. अठराच्या रिंगेत अडला की तो मणी परदेशी जाणार. दिवसभर हेच. कापलेले मणी खालच्या निळ्या कॅरेटात, तिथून बेदाण्याच्या शेडवर.

त्या टेबलाशी मी एक खोटं घेऊन वावरत होतो. कामावर लागताना विचारलं होतं, शिक्षण? मी म्हणालो, दहावी. खरं म्हणजे नववीत गणितात राहिलो होतो आणि आपल्याहून लहान पोरांच्या बाकावर पुन्हा बसायची लाज वाटली म्हणून शाळेकडे फिरकलोच नाही. आई म्हणायची, "जाय ना रे शाळंमा." मी शेतात निघून जायचो. कोणी जबरदस्ती केली नव्हती, घरात काही अडलं नव्हतं. नुसती लाज. आणि लाजेवर उपाय म्हणून सांगितलेलं ते एक खोटं आता वाढत चाललं होतं. कारण मस्कतच्या खरेदीदाराला तिकडे माल तपासायला नाशिककडचा एक माणूस हवा होता आणि निनाद सरांनी माझं नाव काढलं होतं.

निनाद सर आमचे क्वालिटीवाले. शेतकी कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, सव्वीस-सत्तावीसचे, नाशिकच्या गंगापूर रोडचे. दर सोमवारी विचारायचे, "दिगंबर, मार्कशीट आणलंस?" मी म्हणायचो, "गावाकडे राहिलं सर, पुढच्या खेपेला." आजही सोमवार म्हटलं की मला तो प्रश्न ऐकू येतो.

त्या वर्षी धुकं फार. वेलीवर दव असलं की काढणी होत नाही, ओला मणी खोक्यात सडतो. म्हणून सकाळी आठला आम्ही हजर आणि माल यायला साडेदहा. अडीच तास रिकामं टेबल, धुतलेल्या फरशीचा गारवा, आणि पत्र्यावरून टपटपणारं दव. अशाच एका सकाळी सर बगलेत एक जाडजूड झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. मुखपृष्ठ गेलेलं, स्पायरल वाकडं झालेलं.

"सर, परीक्षा आहे का?" सुवर्णानं विचारलं. सुवर्णा निफाडची, माझ्या वयाची, तिच्या जिभेला कात्रीपेक्षा धार.

"परीक्षा नाही गं, खेळ आहे. हॉस्टेलला आम्ही खेळायचो."

"एवढं पुस्तक वाचून खेळायचं? मग परीक्षा काय वाईट?"

सरांनी समजावलं. एक किल्ला आहे, आत खजिना आहे, राक्षस आहेत, उडणारा अजगर आहे. एक राजा आहे, तो माणसं पाठवतो. सर सांगणार आत काय दिसतंय ते, आणि आपण सांगायचं आपण काय करतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळं बोलण्यावर. पण आधी प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा.

"कुठून घ्यायचा?"

"फाशांतून."

आणि मग सरांनी तो नियम सांगितला, ज्याच्या प्रेमात मी आजही आहे. तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची. असं सहा वेळा. पहिली बेरीज ताकद, दुसरी चपळाई, तिसरी दम, चौथी अक्कल, पाचवी शहाणपण, सहावी छाप, म्हणजे चारचौघांत आपलं वजन किती ते. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. ज्या जागी जो आकडा पडला तो त्याच जागी राहणार. अदलाबदल नाही. आधी आकडे, मग त्या आकड्यांवरून हा माणूस कोण, कुठला, आजवर काय करत होता, ते आपण ओळखायचं.

सुवर्णानं दुसऱ्या दिवशी भावाच्या सापशिडीतला एक फासा आणला, दोन सरांकडे होते. लिहायला कॅरेटच्या चिठ्ठ्यांची कोरी मागची बाजू. सर ड्रायव्हरशी फोनवर बोलायला बाहेर गेले, आणि आम्ही टेबलाशी उभे राहून कामाला लागलो.

आता आमची चूक ऐका. अशी चूक पॅकहाऊसच्या माणसांकडूनच व्हायची. आम्हाला अठरा हा आकडा माहीत होता. सोळाही माहीत होता. सोळाच्या खालचं काय करायचं हे तर हातांना झोपेतही माहीत होतं. ताकद नऊ आली? रिजेक्ट. चिठ्ठी निळ्या कॅरेटात. चपळाई सतरा, पण दम सात? रिजेक्ट. कोणी कोणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. नऊ, अकरा, सहा, तेरा, सगळी माणसं खाली पडत गेली. मालकानं नेमून दिलेलं काम असावं तसे आम्ही फासे टाकत होतो. सहाच्या सहा आकडे सोळाच्या वर काही केल्या येईनात. शेवटी सुवर्णा म्हणाली, "एकेक आकडा निवडून घेऊ," आणि चांगले आकडे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवरून उचलून आम्ही तीन माणसं बांधली, जसा निवडक घडांचा डबा भरतात.

सर परत आले. टेबलावर तीन चिठ्ठ्या. सगळीकडे सोळा, सतरा, अठरा. खाली कॅरेटात पन्नासेक चिठ्ठ्यांचा ढीग.

"हे काय?"

"ग्रेडिंग केलं सर," मी म्हणालो. अगदी अभिमानानं.

सर हसत सुटले. "बरं, खेळू या यांच्याबरोबर," म्हणाले. आमची तीन अठरा नंबरी माणसं किल्ल्यात गेली. राक्षस आला, मारला. दरी आली, उडी मारली. अजगर आला, त्याला सुवर्णाच्या माणसानं गोड बोलून झोपवलं. अर्ध्या तासात खजिना हातात. टेम्पो यायला अजून वेळ होता आणि आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. माझ्या माणसाचं नावही मी ठेवलं नव्हतं. त्या तिघांत कोण कुठला हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एकाच मापाचे मणी, एकाच डब्यात.

शेवंतामावशी इतका वेळ स्टुलावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. तिला खेळात घेतलं नव्हतं, तिनं मागितलंही नव्हतं. ती मखमलाबादकडची, घरचा फुलांचा मळा, हंगामात इकडे यायची. अक्षरं तिला येत नव्हती, पण रिंगांमुळे आकडे पाठ. ती वाकली आणि निळ्या कॅरेटातून एक चिठ्ठी उचलली.

"हे कुणी फेकलं?"

"मावशी, ते रिजेक्ट आहेत," सुवर्णा म्हणाली.

"रिजेक्टचा बेदाणा व्हतो. वाच की."

सुवर्णानं वाचलं. "ताकद चार. चपळाई बारा. दम सहा. अक्कल दहा. शहाणपण तेरा. छाप सतरा."

मावशीनं डोळे बारीक केले. घड उजेडाकडे धरून बघायची तशी. "बाई हाय ही," ती म्हणाली. "दम नाय, म्हंजी लहानपणी लय आजारी. खेळायला कुणी नेलं नाय, ओट्यावर बसून ऱ्हायली. मग येनारा-जानारा हिच्यापाशी थांबायचा. समद्या गावाचं हिला ठावं. राजाला काय इचारायचं असंल तर त्यो हिला इचारतो."

"मावशी, राजा कुठून आला मध्येच?"

"सर म्हनले ना राजा हाय म्हनून? मग काय नुसता बसून ऱ्हाईल त्यो?"

सर स्टूल ओढून मावशीच्या समोर बसले. "मावशी, अजून एक," म्हणाले, आणि स्वतः कॅरेटात हात घातला.

त्या दिवसापासून आमचा खेळ बदलला. रोज सकाळी प्रत्येकानं डोळे मिटून निळ्या कॅरेटातून एक चिठ्ठी काढायची, जी येईल ती आपली. आणि किल्ल्यात जायच्या आधी ते माणूस ओळखायचं. कितीतरी माणसं त्या कॅरेटातून वर आली. बारा ताकदीचा आणि चार चपळाईचा एक बुटका, ज्याच्या हातून लग्नात मांडव पडला होता आणि जो त्या दिवसापासून गावाबाहेर राहून फक्त खांब रोवत होता. अक्कल सोळा, छाप तीन असलेली एक जादूगारीण. सुवर्णानं तिला असं उभं केलं की ती बरोबर तेच सांगते, पण कोणी ऐकत नाही, म्हणून ती भिंतींशी बोलते. "सुवर्णा, ही तूच," मी म्हणालो. "माझी छाप तीन?" ती कात्री घेऊन मागे लागली.

मी खूपदा विचार करतो, हा नियम ज्याला सुचला तो माणूस कोण असेल. कुठल्यातरी थंड देशात, टेबलाभोवती मित्र जमलेले, आणि त्यानं म्हटलं असेल की चला, आधी फासे टाकू आणि मग बघू आपण कोण आहोत. केवढं धाडस! आपल्याकडे बारसं होतं, पत्रिका होते, पुढे निकाल लागतो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी रिंग घेऊन उभं असतं. हा नियम मात्र म्हणतो की चार आकडा आला ना, मग आता बस त्याच्याजवळ, विचार त्याला. सतरा आकडा सगळ्यांना दिसतो. चार आकड्याकडे बघायला थांबावं लागतं. सहा आकडे एकमेकांशेजारी असे पडतात की कोणत्याही शहाण्या माणसानं ते तसे मांडले नसते, आणि म्हणूनच त्यांच्यामधून एखादं खरं माणूस डोकावतं. मी स्वतः ठरवून एखादं माणूस बनवलं असतं तर ते माझ्या इच्छेएवढंच झालं असतं. फाशांनी मला अशी माणसं दिली जी माझ्या कल्पनेत कधी आलीच नसती. इथे लेबर कॅम्पातल्या आठ खाटांच्या खोलीत पहिल्यांदा शिरलो, सात अनोळखी तोंडं बघितली, तेव्हा मला हेच आठवलं होतं. घाबरलो होतो, तरी मनात म्हटलं, चिठ्ठ्या आहेत, वाचायच्या आहेत.

माझी चिठ्ठी आली ती मार्चच्या सुरुवातीला. ताकद नऊ, चपळाई आठ, दम तेरा, अक्कल पाच, शहाणपण पंधरा, छाप सहा. अक्कल पाच बघून माझे कान तापले. कोणीतरी माझं प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवल्यासारखं. मी त्याला मेंढपाळ केलं आणि नाव ठेवलं वाळू.

त्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या आतल्या दगडी दरवाजाशी पोचलो. सर म्हणाले, "दरवाजा बंद आहे. त्यावर ओळी कोरल्यात." आणि गठ्ठ्यातलं एक पान काढून माझ्यापुढे धरलं. इंग्रजी, बारीक टायपातलं. "दिगंबर, तू दहावीवाला. वाच."

पान मी हातात घेतलं. बायका बघत होत्या. पहिला शब्दच लागेना. मग खाली टेबलावर ठेवलेली माझी चिठ्ठी दिसली आणि मी म्हणालो, "माझ्या माणसाला वाचता येत नाही, सर. अक्कल पाच आहे."

"अरे हो! बरोबर," सर खूश झाले. "मग वाळू काय करतो?"

"घरी परत जातो," सुवर्णा म्हणाली.

मावशी म्हणाली, "डोळ्यानं नाय येत तर हातानं बघ की बाबा."

मी डोळे मिटले. खरंच मिटले. दगडावरून हात फिरवतोय असं म्हणालो. अक्षरं खडबडीत लागतात, पण एका जागी दगड गुळगुळीत आहे. आधी आलेल्यांचे हात लागून लागून झिजलाय. तिथे ढकलतो. सरांनी पुस्तकात बघितलंही नाही. "शहाणपणावर टाक," म्हणाले. "पंधराच्या आत हवं." चार, पाच, दोन. अकरा.

दरवाजा उघडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि सगळ्या हात धुवायला पळाल्या. मी तिथेच उभा. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत म्हणालो होतो की वाचता येत नाही, आणि कोणी हसलं नव्हतं.

दुपारी हात धुवायच्या नळाशी मी सरांना सांगून टाकलं. नववी. मार्कशीट नाही, कधी नव्हतंच.

सर हसतील, पाठीवर हात ठेवतील, असं मला वाटलं असेल तर तो माझा भाबडेपणा. ते लाल झाले. "दोन महिने वाट बघायला लावलीस लेका. वर मी मस्कतवाल्यांना शब्द देऊन बसलोय." गेले. दोन सकाळी गठ्ठा आलाच नाही. दोन सकाळी आम्ही दव टपकताना ऐकत बसलो. काम जाणार, नाव जाणार, बॅग भरावी का, एवढंच माझ्या डोक्यात. मावशी एकदाच बोलली, "बोललास ते बरं केलंस. आता त्यांस्नी थोडं रागावू दे."

तिसऱ्या दिवशी सर आले आणि कॅरेटची एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "स्वतःची बनव. फासे नाहीत. खरे आकडे लिही."

सगळ्यांसमोर. मी लिहायला लागलो. अक्कल पाच.

सुवर्णानं चिठ्ठी ओढली. "पाच? एवढी कमी पण नाही हो, सर. सात लिहा."

"आन त्ये लिहा की," मावशी म्हणाली, "ह्यो रिंग न घेता मणी वळखतो. नुसता अंगठ्यानं. म्या कितीदा पारखलंय, चुकत नाय."

सरांनी तो मस्कतचा फॉर्म काढला. शिक्षणाच्या रकान्यात माझ्याकडूनच लिहून घेतलं, नववी. दहावी नसली की पासपोर्टवर वेगळा शिक्का बसतो, परवानगीचे कागद जास्त लागतात, ते म्हणाले. "जास्त लागतील. पण लागतील ते खरे." आणि खाली, अनुभवाच्या रकान्यात, त्यांनी मावशीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. खरेदीदाराचा माणूस आला तेव्हा त्यानं माझ्या मुठीत डझनभर मणी ठेवले आणि एकेक रिंगेत घालून बघितला. मी बारापैकी अकरा बरोबर सांगितले. बारावा कुठला चुकला ते अजून मला छळतं.

पुढच्या हंगामाच्या आधी मी इथे होतो.

यंदाचा कंटेनर मागच्या आठवड्यात आला. अकरा नंबर तिसऱ्या ओळीत सापडला. खोकं उघडलं, गंधकाचा कागद उचलला, आणि खाली घडाच्या देठाशी एक दुमडलेली चिठ्ठी. माझं काम असं की खोक्यात द्राक्षांशिवाय काहीही सापडलं, अगदी केसही, तर फोटो काढायचा, वर कळवायचं, मालावर शेरा मारायचा. चिठ्ठी कॅरेटची होती. मागच्या बाजूला सुवर्णाच्या अक्षरात सहा आकडे. ताकद सहा, चपळाई नऊ, दम सात, अक्कल अकरा, शहाणपण सोळा, छाप तेरा. खाली एकच ओळ: हा कोण ते मावशीला सांग, ती विचारत होती.

सुवर्णा आता तिथली सुपरवायझर आहे. खोक्यात चिठ्ठी ठेवणं म्हणजे काय हे तिला माझ्याइतकंच माहीत. आधी मी मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या. मग चिठ्ठी खिशात घातली, खोकं बाजूला काढलं, घड न् घड तपासला. माल स्वच्छ होता. तरी वहीत लिहिलं, खोक्यात कागद आढळला, तपासला, माल ठीक. खोटं लिहायची सवय मी एकदा मोडली आहे, ती परत नको. पाठवणाऱ्याला काय विचारतील ते विचारोत, सुवर्णा बघून घेईल. तिची छाप तीन नाही.

शुक्रवारी सुट्टी. खोलीतले सगळे खाटांवर, कोणी कपडे वाळत घालतोय, शाजी मासे तळतोय. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण मावशीला मोठ्यानं बोलायची सवय आहे आणि तसंही सगळ्यांना ऐकू येणारच होतं.

"मावशी, चिठ्ठी मिळाली."

"मंग? कोन हाय त्यो?"

"ताकद सहा. दम सात. लवकर थकतो. लांब राहतो घरापासून. सारखी कसली तरी काळजी करतो."

"आन?"

"शहाणपण सोळा."

"त्ये कुठनं आलं येवढं?"

"एका बाईकडनं."

पलीकडे ती हसली, खोकली. मागे सुवर्णाचा आवाज, टेबलावर कात्र्या, पत्र्यावरून दव पडत असावं असा काहीतरी टपटप आवाज.

"शाळंत गेला का नाय त्यो?" मावशीनं विचारलं.

खोलीतले दोन-तीन जण माझ्याकडे बघत होते. मराठी त्यांना कळत नाही. कळली असती तरी चाललं असतं.

"नववीपर्यंत," मी मोठ्यानं म्हणालो.

"बरं," शेवंतामावशी म्हणाली. "मंग पुढं?"